तटस्थाचा पवित्रा

बेसबॉलच्या सामन्यात होम प्लेटमागे उभा राहणारा पंच दोन-तीन तासांच्या अवधीत सुमारे ३०० वेळा एकच कृती करतो. पिचरने चेंडू टाकण्याची तयारी चालवली की तो पाय खांद्यांहून थोडे अधिक फाकवतो, बॅटरच्या बाजूचा पाय किंचित पुढे घेतो, मागच्या पायाचा चवडा पुढच्या पायाच्या टाचेशी समरेषेत आणतो, गुडघ्यांत वाकून कंबर खाली सोडतो, आणि आपली हनुवटी समोर उकिडव्या बसलेल्या कॅचरच्या शिरस्त्राणाच्या माथ्याशी आली की तेथेच थांबतो. हात ठरलेल्या जागी रोवले जातात, मान स्थिर होते, आणि त्यानंतर चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडेपर्यंत त्या देहात डोळ्यांच्या बाहुल्यांवाचून काहीही हलत नाही. निवाडा सांगून झाला की पंच उठतो, दोन पावले फिरतो, आणि पुढच्या चेंडूसाठी तीच सिद्धता पहिल्यापासून करतो. या उभे राहण्याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, तो म्हणजे पवित्रा. हा आखाड्यातला आणि दांडपट्ट्याच्या खेळातला शब्द. मल्लाचा पवित्रा प्रतिपक्षावर तुटून पडण्यासाठी किंवा त्याचा घाव चुकवण्यासाठी असतो. पंचाला कोणावर तुटून पडायचे नाही. त्याचा सारा पवित्रा केवळ पाहण्यासाठी आहे.

तो कोणता निवडावा, हा वरकरणी देहाच्या सोयीचा प्रश्न दिसतो. परंतु त्याच्या तळाशी एक फार जुना धर्मप्रश्न आहे असे मला वाटते, आणि तो असा की ज्याला देह आहे, म्हणून ज्याला कोठेतरी उभे राहूनच पाहावे लागते, आणि ज्याला एकाच क्षणी दोन जागांवरून पाहणे कधीच शक्य नाही, त्या माणसाने दोन पक्षांमध्ये न्याय करावा तो कोणत्या अधिकाराने? ईश्वर सर्वत्र आहे, म्हणून त्याला जागा निवडावी लागत नाही. आपण ‘पंचांमुखी परमेश्वर’ म्हणतो खरे. पण परमेश्वर पंचाच्या मुखी आला तरी पंचाचे पाय मातीतच राहतात, आणि त्या पायांची जागा चुकली तर मुखातून निघणारा निवाडा, बोलणारा कितीही सचोटीचा असो, चुकीचाच निघतो.

क्रिकेट जाणणाऱ्या वाचकासाठी या पंचाचे काम थोडक्यात सांगितले पाहिजे. पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. हे अंतर १८९३ साली ठरले आणि तेव्हापासून बदललेले नाही. होम प्लेट ही जमिनीत बसवलेली पांढऱ्या रबराची पाटी, १७ इंच रुंद, १९०० सालापासून पंचकोनी. या पाटीवर एक खांब उभा आहे अशी कल्पना करावयाची: रुंदी पाटीएवढी, तळ बॅटरच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्याशी, आणि माथा त्याचे खांदे व विजारीची वरची कड यांच्या मध्यावर. बॅटरने बॅट फिरवली नाही आणि चेंडू या खांबाला स्पर्शून गेला तर तो स्ट्राइक. बाहेरून गेला तर तो बॉल. तीन स्ट्राइकांनी बॅटर बाद होतो, चार बॉलांनी त्याला पहिला बेस फुकट मिळतो. ताशी ९० मैलांचा चेंडू पोहोचण्यास सेकंदाचे जेमतेम दोन-पंचमांश लागतात, आणि तेवढ्यात पंचाने त्या अदृश्य खांबाच्या कडेशी इंचाच्या अंशाचा हिशेब करावयाचा असतो.

खांब अदृश्य आहे एवढेच नव्हे, तो माणसांनी ठरवलेला आहे. १८८७ पूर्वी बॅटरला चेंडू वरचा हवा की खालचा हवा असे मागण्याचा हक्क होता. १९५० साली खांबाचा माथा बगलेशी होता, १९६३ साली तो खांद्यांवर गेला, १९६९ साली पुन्हा बगलेशी आला, १९८८ साली आणखी खाली उतरला, आणि १९९६ साली तळ गुडघ्याच्या वरून खालच्या खळग्यापर्यंत नेला गेला. म्हणजे ज्या वस्तूशी चेंडूचा संबंध तपासायचा ती वस्तू वेदान्ताच्या परिभाषेत व्यावहारिक सत्तेची. पण चेंडू ज्या वाटेने गेला ती वाट मात्र कोणाच्या ठरावाने बदलणारी नाही. धर्मशास्त्रातील आणि न्यायालयातील बहुतेक प्रश्न याच जातीचे असतात. शिवेचा दगड माणसाने रोवलेला असतो, नांगर मात्र खरोखरच त्याच्या अलीकडून किंवा पलीकडून गेलेला असतो.

या खेळात तीन पंचांची एक कथा फार प्रसिद्ध आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या व मानसशास्त्राच्या अध्यापकांनी ती पुष्कळ वापरली आहे. पहिला पंच सांगतो की चेंडू जसा असतो तसा मी सांगतो. दुसरा म्हणतो, मला जसा दिसतो तसा मी सांगतो. तिसऱ्याचे म्हणणे असे की मी सांगेपर्यंत तो काहीच नसतो. आपल्या दर्शनांशी परिचय असणाऱ्याला या तिघांचे चेहरे ओळखीचे वाटतील. पहिल्याच्या मागे नैयायिक उभा आहे, ज्याच्या मते पदार्थ ज्ञानाबाहेर आपल्या जागी असतोच; दुसऱ्याच्या मागे जैन आचार्य, ज्यांनी प्रत्येक विधानाआधी ‘एका दृष्टीने’ अशी मर्यादा घालण्याचा दंडक घालून दिला; आणि तिसऱ्याच्या बोलण्यात मीमांसकाच्या विधीचा दूरचा प्रतिध्वनी आहे, ज्याच्या दृष्टीने वचन हेच कार्य निर्माण करते. या कथेवर विचार करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती आल्यापासून ही कथा मला अपुरी वाटते. तिघेही डोळ्यांविषयी आणि जिभेविषयी बोलतात. पायांविषयी तिघांपैकी कोणीही बोलत नाही. ‘मला जसा दिसतो’ असे म्हणणाऱ्या दुसऱ्या पंचाला कोणी विचारले पाहिजे होते की बाबा रे, तुला तसा दिसतो तो कोठून? तू उभा कोठे होतास? चार अंगुळे डावीकडे सरकला असतास तर तुला अधिक चांगले दिसले असते हे ठाऊक असूनही तू सरकला नसशील, तर ‘मला दिसले तसे सांगितले’ ही तुझी कैफियत प्रामाणिक कशी?

ईश्वरकृष्णाने आपल्या सांख्यकारिकांमध्ये, सातव्या कारिकेत, असलेली वस्तूही का दिसत नाही याची आठ कारणे गणली आहेत. प्रकृती दिसत नाही म्हणून ती नाही असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी त्याने ती सांगितली. परंतु ती वाचताना मला नेहमी प्लेटमागचा हा वाकलेला माणूस दिसतो. समोर कॅचरचे डोके येते, हे व्यवधान. बॅटरपासून दूरच्या बाजूचा खालचा कोपरा पंचाच्या डोळ्यांपासून सर्वांत लांब पडतो, ही दूरता. कॅचरच्या पाठीशी फार चिकटून उभे राहिले की चेंडू अखेरच्या क्षणी डोळ्यांसमोर एवढ्या वेगाने मोठा होतो की त्याची वाट हरवते, हे सामीप्य. डोळ्यातले काजळ डोळ्याला दिसत नाही त्यातलाच हा प्रकार. पांढरा चेंडू प्रेक्षकांच्या पांढऱ्या सदऱ्यांमध्ये मिसळून जाऊ नये म्हणून मैदानाच्या मध्यभागामागे एक गडद, रिकामी भिंत राखलेली असते. ती मुख्यतः बॅटरसाठी असली तरी पंचालाही उपकारक ठरते, कारण सारख्यात सारखे मिसळणे हेही त्या आठांपैकी एक कारण आहे. मनाचे अनवधान, वस्तूची सूक्ष्मता, इंद्रियाची दुर्बलता, प्रखर तेजाने दिपणे, यांची गाठ तर रोजच पडते. पवित्रा निवडणे म्हणजे या आठांपैकी कोणते विघ्न कमी करायचे आणि त्याच्या बदल्यात कोणते पत्करायचे हे ठरवणे होय. आठही एकदम टळतील असा पवित्रा अद्याप कोणाला सापडलेला नाही.

याचा सर्वांत बोधप्रद दाखला या खेळाच्या इतिहासातच आहे. अमेरिकेतील दोन मोठ्या लीगांपैकी नॅशनल लीगमध्ये बिल क्लेम या पंचांनी १९०५ ते १९४१ पर्यंत काम केले आणि १८ वर्ल्ड सिरीजमध्ये ते पंच होते. छातीचे कवच अंगरख्याच्या आत घालावे, म्हणजे शरीर सुटसुटीत राहते, आणि मग कॅचरच्या मागे सरळ उभे न राहता कॅचर आणि बॅटर यांच्यामध्ये जी फट असते तिच्यात डोके आणावे, ही पद्धत त्यांच्या प्रभावाने त्या लीगमध्ये रूढ झाली. अमेरिकन लीगमध्ये टॉमी कॉनली यांच्या वजनाने दुसरा रिवाज चालला. तेथे पंच हवा भरलेली गादीसारखी मोठी ढाल हातांनी छातीसमोर धरीत, आणि ती ढाल घेऊन फटीत वाकता येत नसल्यामुळे ते कॅचरच्या बरोबर मागे, त्याच्या डोक्यावरून पाहत उभे राहत. परिणाम असा झाला की खांबाची व्याख्या दोन्ही लीगांना एकच असूनही, अमेरिकन लीगमध्ये वरचे चेंडू स्ट्राइक ठरतात आणि नॅशनल लीगमध्ये खालचे, ही गोष्ट खेळाडूंमध्ये अनेक दशके गृहीत धरली जात असे. कायदा एक, सचोटी दोन्हीकडे सारखी, उभे राहण्याच्या जागा मात्र दोन. तेवढ्याने न्याय दोन झाले.

आपल्या भाषेत निःपक्षपाती मनुष्यासाठी दोन शब्द आहेत, मध्यस्थ आणि तटस्थ, आणि दोन्हींत माणसाच्या गुणाचे वर्णन नसून त्याच्या उभे राहण्याच्या जागेचे वर्णन आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. अमेरिकन लीगचा जुना पंच हा अक्षरशः मध्यस्थ होता. पाटीची मध्यरेषा त्याच्या नाकासमोर असे, दोन्ही कडा त्याला समान अंतरावर होत्या, आणि कोणी परका माणूस प्रथमच मैदानावर आला असता तर त्याने निःसंशय यालाच अधिक न्याय्य ठरवले असते. क्लेम यांचा पंच हा तटस्थ. तो एका तटाला सरकलेला, बॅटरच्या बाजूला, जवळच्या कडेवर नाक आणि दूरची कड तिरपी. परंतु मध्यावर उभ्या राहिलेल्या पंचापुढे कॅचरचे डोके आडवे येई, आणि गुडघ्याशी येणारा चेंडू नेमका जेथे पाहायला हवा तेथेच झाकला जाई. दोन्ही बाजूंना समान अंतर राखण्याच्या मोबदल्यात त्याने तळ गमावला होता. तटावर उभ्या राहिलेल्याला समान अंतर मिळाले नाही, पण चेंडूची वाट पिचरच्या हातापासून हातमोज्यापर्यंत अखंड मिळाली. १९७७ पासून अमेरिकन लीगने नव्या पंचांना बाहेरची ढाल वापरण्याची मनाई केली; जेरी न्यूडेकर हे ती वापरणारे अखेरचे पंच १९८५ च्या हंगामानंतर निवृत्त झाले; आणि २००० साली दोन्ही लीगांचे पंच एकाच दफ्तराखाली आले. क्लेम आणि कॉनली यांना मात्र बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये एकाच वर्षी, १९५३ साली, पहिले पंच म्हणून स्थान मिळाले.

माझे स्वतःचे मत क्लेम यांच्या बाजूचे आहे, आणि ते केवळ खेळापुरते नाही. दोन पक्षांच्या मधोमध उभे राहणे म्हणजे न्याय, ही समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात इतकी खोल मुरली आहे की जो मधोमध उभा नाही त्याला आपण लगेच पक्षपाती ठरवतो. मध्य ही भूमितीतली जागा आहे. जेथून सत्य दिसते ती जागा मध्यावर असेलच असे नाही. आता येथे कोणी शंका घेईल की तट म्हटला की डावा किंवा उजवा आलाच, आणि एका तटावर उभे राहणे म्हणजे एका बाजूचे होणे नव्हे काय? या शंकेला मैदानानेच उत्तर दिले आहे. बॅटर डावखुरा आला की पंच कॅचरच्या दुसऱ्या बाजूच्या फटीत जातो आणि पुढे घ्यायचा पाय बदलतो. त्याची जागा बदलते, बॅटरशी असलेले नाते बदलत नाही. सर्वांसाठी एकाच ठिकाणी खिळून राहणे याला आपण पुष्कळदा समता म्हणतो. परंतु ज्याच्याविषयी निवाडा द्यायचा त्याच्याशी तेच अंतर आणि तोच कोन राखण्यासाठी प्रत्येक वेळी आपण स्वतः हलणे, ही अधिक कठीण आणि अधिक खरी समता आहे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात देहातील परमपुरुषाला जी नावे दिली आहेत त्यांत पहिले नाव उपद्रष्टा असे आहे. शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना यज्ञमंडपातला दृष्टान्त घेतला: ऋत्विज आणि यजमान आपापल्या कर्मात गढलेले असताना जवळच एक जण असतो, जो स्वतः काही करीत नाही, पण यज्ञविद्येत निपुण असल्यामुळे त्यांच्या कर्मातील गुणदोष पाहत असतो. त्या पुरुषासाठी आचार्यांनी योजलेला शब्दही तटस्थ हाच आहे. या दृष्टान्तात दोन अटी एकत्र आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढणाऱ्या आहेत. तो जवळ असला पाहिजे, आणि तो गुंतलेला नसला पाहिजे. दूर राहून अलिप्त असणे सोपे. संन्यासी गिरिकंदरात जातो तो याच सोयीसाठी. चेंडूपासून हातभर अंतरावर, धूळ नाकात जात असताना, निसटलेला फाऊल चेंडू केव्हाही मुखवट्यावर आदळेल हे ठाऊक असताना, गुंतायचे नाही, आणि तरीही प्रत्येक चेंडूचे नाव मोठ्याने उच्चारायचे, हे अवघड. आत्म्याचे साक्षित्व मौन असते, त्याच्या पाहण्याने जगात काही बदलत नाही. पंचाला मौनाची मुभा नाही. त्याच्या उच्चाराने बॅटर बाद होतो.

क्लेम यांच्या पद्धतीतही मग अनेक शाखा फुटल्या. काही पंच एक पाय फार पुढे आणि दुसरा फार मागे टाकून, कात्रीसारखे पाय करून, धड पुढे झुकवीत. यात डोके चेंडूच्या जवळ जाते, पण मानेवर ताण पडतो आणि मुखवट्यावर बसणाऱ्या आघातांचा धोका वाढतो. काही एक गुडघा जमिनीवर टेकत. देह अगदी निश्चल होतो, पण डोळे खाली जातात, आणि उठून खेळामागे धावायला वेळ लागतो. जेरी डेव्हिस या पंचांच्या नावाने ओळखला जाणारा पवित्रा असा की कॅचरपासून पुष्कळ मागे राहायचे, दोन्ही हात सरळ करून गुडघ्यांवर रोवायचे, म्हणजे डोक्याची उंची पहिल्या चेंडूला असते तीच शेवटच्या चेंडूलाही राहते. सामीप्याचे विघ्न येथे टळते, दूरतेचे थोडे वाढते. कोणता निवडावा याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. उंच माणसाचे उत्तर वेगळे, ठेंगण्याचे वेगळे, गुडघे दुखणाऱ्याचे वेगळे. पतंजलीने आसनाविषयी बोलताना नावे सांगितली नाहीत, स्थैर्य आणि सुख या दोनच अटी घातल्या. त्या दोन्ही येथे तंतोतंत लागू आहेत. जो पवित्रा आठव्या डावात दुखू लागतो तो पंचाला नकळत सरळ करतो, आणि पंच दोन इंच वर आला की खांबाचा तळही त्याच्याबरोबर वर येतो. ज्या पिचरने पहिल्या डावात गुडघ्याशी स्ट्राइक मिळवला त्याला आठव्या डावात तोच चेंडू बॉल म्हणून परत मिळतो. थकवा हा येथे अन्याय होतो. साधनेच्या ग्रंथांतून देहाची एवढी चिकित्सा का केलेली असते, हे ज्याला कळत नसेल त्याने या एका गोष्टीचा विचार करावा.

न्यायाधीश म्हटले की महाराष्ट्राला रामशास्त्री प्रभुणे आठवतात, आणि ते योग्यच आहे. सत्ताधीशाला त्याच्या तोंडावर अपराधी ठरवण्याचे धैर्य हे न्यायाचे अधिष्ठान आहे. तथापि या एका आदर्शामुळे न्याय म्हणजे केवळ निर्भय अंतःकरण अशी आपली कल्पना झाली असेल तर ती अपुरी आहे. चुकीच्या जागी उभा असलेला निर्भय मनुष्य निर्भयपणे चुकतो. खुद्द क्लेम यांच्याविषयी सांगतात की आपण आयुष्यात एकही चेंडू चुकीचा सांगितला नाही असे ते म्हणत, आणि पुढे कधीतरी त्यांनी हृदयावर हात ठेवून ‘निदान येथून तरी नाही’ अशा अर्थाची पुस्ती जोडली. ज्या माणसाने इतरांना कोठे उभे राहावे हे शिकवले त्यानेच अखेर आपली साक्ष हृदयापाशी नेऊन ठेवावी, यात मला विसंगती दिसत नाही. हृदयावर हात ठेवण्याचा हक्क त्यांनी आधी पाय योग्य जागी ठेवून मिळवला होता.

मनालाही पवित्रा लागतो. मोजणी तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक अशी झाली की पंचांचा खांब नकळत रुंद होतो, आणि शून्य बॉल व दोन स्ट्राइक अशी झाली की आखडतो, हे चेंडूंच्या नोंदींच्या अभ्यासातून पुनःपुन्हा दिसून आले आहे. जो पक्ष संकटात आहे त्याच्यावर अखेरचा घाव आपल्या हातून पडू नये, ही माणसाची सहज करुणा त्यामागे असावी असे मला वाटते. करुणा हा दोष आहे असे लिहिताना लेखणी अडखळते, पण एकावर केलेली ही करुणा दुसऱ्याच्या पदरातून काढून घेतलेली असते, आणि त्या दुसऱ्याची कोणी परवानगी घेतलेली नसते. कॅचरचे कसब ही आणखी वेगळी परीक्षा. कडेबाहेर पडलेला चेंडू झेलताना तो हातमोजा इतक्या मृदुपणे आत आणतो की चेंडू आतच होता असे वाटावे. चेंडू कोठे थांबला यावर विसंबू नये, तो पाटीवरून कोठून गेला हे पाहावे, आणि चेंडू हातमोज्यात शिरल्यावर क्षणभर थांबून ती वाट मनात पुन्हा एकदा पाहिल्याखेरीज तोंड उघडू नये, असे नव्या पंचाला बजावतात. कॅचर फटीत सरकून वाट अडवू लागला तर बाजूला हटून दुसरी वाट शोधायची नाही, थोडे वर उठायचे, हेही बजावतात. आपली जागा कोणी व्यापली असता हटावे की उंच व्हावे, या विचारात मी कित्येकदा गुंतून राहिलो आहे.

आता या साऱ्यावर यंत्राचा दावा आला आहे. २०१९ साली अमेरिकेतील अटलांटिक लीगमध्ये त्याचा प्रयोग झाला, दक्षिण कोरियाच्या व्यावसायिक लीगने २०२४ पासून प्रत्येक चेंडूचा निवाडा यंत्राकडे सोपवला, आणि नॅशनल व अमेरिकन या दोन्ही लीग मिळून होणाऱ्या मेजर लीगने २०२६ च्या हंगामासाठी मधला मार्ग मंजूर केला: पंच सांगेल, आणि पिचर, कॅचर किंवा बॅटर यांपैकी कोणाला तकरार असेल तर त्याने तत्काळ यंत्राकडे दाद मागावी. यंत्राला देह नाही, म्हणून त्याला पवित्रा नाही, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मेजर लीगच्या यंत्राचा खांब हा खांबच नाही, ती एक उभी चौकट आहे, आणि ती पाटीच्या मध्यावर कल्पिलेली आहे. तिचा माथा बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि तळ २७ टक्क्यांवर. म्हणजे बॅटर वाकून उभा राहिला काय आणि ताठ उभा राहिला काय, यंत्राला त्याचे काही नाही. आणि नियमाच्या पुस्तकातील खांबाला पुढच्या कडेशी स्पर्शून जाणारा वळणदार चेंडू मध्यावर चौकटीखाली गेला तर यंत्राच्या लेखी तो बॉल. पाटीची पुढची कड घ्यावी, मध्य घ्यावा की सर्व खोली घ्यावी, हे कोणीतरी माणसांनी एका खोलीत बसून ठरवले. यंत्र अधिक अचूक आहे आणि त्याचे स्वागत करावे या मताचा मी आहे, कारण अन्याय कमी होत असताना पंचाच्या प्रतिष्ठेचा विचार करणे मला अधर्म वाटतो. मात्र यंत्र आले म्हणून कोठे उभे राहावे हा प्रश्न संपला, असे कोणी समजू नये. तो मैदानातून कचेरीत गेला आहे, आणि कचेरीत उभा राहणारा माणूस मैदानातल्या माणसाइतका दिसत नाही, एवढाच फरक.

पवित्रा कितीही विचाराने निवडला तरी मनुष्य चुकणार. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटच्या मैदानावर अर्मांडो गॅलरागा या पिचरने ओळीने २६ बॅटर बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला असता तर एकही बॅटर बेसवर न पोहोचू देण्याचा, या खेळात अत्यंत दुर्मीळ असा, पूर्ण सामना त्याच्या नावावर लागला असता. सत्ताविसावा पहिल्या बेसवर स्पष्टपणे बाद होता. त्या बेसचे पंच जिम जॉइस यांनी तो बाद नाही असे सांगितले, आणि तो निवाडा बदलला गेला नाही. सामन्यानंतर त्यांनी चित्रफीत पाहिली, चूक आपली आहे असे सर्वांसमोर कबूल केले, आणि गॅलरागाला भेटून डोळ्यांत पाणी आणून त्याची क्षमा मागितली. पंचांच्या पाळीक्रमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी त्यांची जागा प्लेटमागे होती. त्या दिवशी काम न करण्याची मुभा त्यांना देण्यात आली होती. त्यांनी ती घेतली नाही. सामन्याआधी संघाची यादी पंचांच्या हाती द्यायला डेट्रॉइटच्या संघाने गॅलरागाला पाठवले. जॉइस यांनी यादी घेतली, डोळे पुसले, मग मुखवटा चढवला, आणि प्लेटमागे आपल्या जागी जाऊन उभे राहिले.